दारापुढची चार फूट जागा

आमच्या घराला पूर्वी रस्त्यापासून चार पायऱ्या होत्या, आता दीड उरली आहे. घर खचलेलं नाही, रस्ता वर आला आहे. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर ओततात, खालचं खरवडायची तसदी कोणी घेत नाही, आणि रस्ता आमच्या दारांकडे चढत राहतो. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की मी तोंड उघडलं की गल्लीतले लोक घड्याळ बघतात. बघू देत. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, समोरचे घड्याळ बघत असताना बोलत राहायची मला सवय आहे.

कुंभकोणममधली आमची गल्ली दोन देवळांच्या मधली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्यातून फक्त सायकली आणि एखादी बैलगाडी जायची. आता मुख्य रस्ता कुठे ना कुठे खणलेला असतो, म्हणून रिक्षा, मिनी बस, दुधाच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन या सगळ्यांना आमची गल्ली जवळची वाटते. घर, घराचा ओटा, मग गटार, गटारापलीकडे चार फुटांची मातीची पट्टी आणि मग डांबर, अशी तिची रचना. ती चार फुटांची पट्टी माणसांनी चालायची. निदान मी तरी तसं समजत होते.

आमच्याकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या आसपास येतो. गेल्या खेपेला गटार तुंबलं आणि पाणी रस्त्याकडे जायच्या ऐवजी उताराला लागून घरात शिरलं. पुढच्या खोलीत घोट्याएवढं पाणी. मी बादलीनं उपसत होते आणि यजमान खुर्चीत पाय वर घेऊन पेपर वाचत होते.

"बस की ग घटकाभर," ते म्हणाले. "आलेलं पाणी जाईल. त्यास पण काय आमच्या घरीं राहायचं नाही."

मराठी राजांच्या काळापासून इकडे राहिलेल्या आमच्या घराची ही मराठी पुण्याच्या पाहुण्यांना बखरीतली वाटते. मला ती त्या क्षणी फक्त आळशी वाटली. मी म्हटलं, "तुम्ही उठा आधी. तुमचे पाय कोरडे आहेत म्हणून तुम्हांस वेदांत सुचतो."

पाणी ओसरल्यावर गल्लीनं आपापला बंदोबस्त केला. कोणी उंबऱ्यावर विटांचा थर चढवला, कोणी ओटाच उंच केला. ओटा उंच झाला की स्कूटर आत घ्यायला सिमेंटचा उतार हवा. तो उतार गटारावरून आणि त्या चार फुटांवरून थेट डांबरापर्यंत आणून सोडायचा. एकाचा झाला म्हणून दुसऱ्यानं केला. दोन उतारांच्या मधल्या खाचेत मग जनरेटर, कुंड्या, तुटकी सायकल. महिनाभरात गल्लीच्या पट्टीवरून चालणं म्हणजे डोंगर चढून उतरणं झालं. लोक सरळ डांबरावरून चालू लागले आणि मागून हॉर्न वाजला की अंग चोरून उभे राहू लागले.

आमच्या दारापुढे मी उतार होऊ दिला नाही. यजमानांची स्कूटर मी शेजारच्या बोळात लावायला लावली. मग मी अर्ज लिहायला बसले. डांबर खरवडा, गटार उपसा, उतार काढा, वाहनं वळवा. तमिळमध्ये, सुवाच्य अक्षरात, मुद्द्यांना आकडे घालून. घरोघर फिरून सह्या घेतल्या. ज्यांनी उतार बांधले होते त्यांनीही सह्या केल्या, उतार सोडून बाकी सगळं त्यांना मान्य होतं. यजमान म्हणाले, "राज्य गेलं, दरबार गेला, आमच्याजवळ अर्ज मात्र उरले." मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या पायाला तेव्हा भिंगरी लागली होती. पालिकेच्या कचेरीत जाऊन यायचं, पोच घ्यायची, पुन्हा जायचं. घरात बसले तरी मी या खोलीतून त्या खोलीत फिरत असायची.

अर्जात मी आमच्या फुलवालीचं म्हणणं घातलं होतं. गेली तीस वर्षं ती तिरुवलंचुळी गावाच्या बाजूनं सकाळच्या पहिल्या बसनं यायची आणि डोक्यावर टोपली घेऊन आमची गल्ली पायी फिरायची. माझ्याच वयाची असेल. मी तिला पूक्कारम्मा म्हणायची, फुलवाल्या बाईला इथे म्हणतात तसं, आणि ती मला टीचरम्मा. तिचं चालणं बघण्यासारखं होतं. पाऊल टाकायच्या आधी ती जमीन बघून घ्यायची, मग टाकायची, आणि टोपली जराही हलायची नाही. तीस वर्षांत मी तिला घाईत पाहिलं नव्हतं. उतार झाल्यानंतर एका सकाळी ती आमच्या दारात टोपली उतरवून म्हणाली, "टीचरम्मा, बस स्टॉपपासून इथपर्यंत दोन्ही पाय टेकून उभं राहावं अशी जागा फक्त तुमच्या दारात उरलीय."

मला इतकं बरं वाटलं की मी दिवसभर ते सांगत सुटले.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही बसवत नाही. मार्गळी महिना लागला, म्हणजे आपला मार्गशीर्ष उलटून पौषाकडे जाणारा काळ. या महिन्यात इथे दारापुढे मोठमोठी कोलम घालतात. घरात देवापुढे आम्ही काढतो ती रांगोळी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तिचंच कोलम होतं. पहाटे उठायचं, सडा घालायचा, तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती रेघ वळवत न्यायची. मधोमध शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचायचं. ती फुलं आमच्या गल्लीला पूक्कारम्माच आणून द्यायची.

कोलमच्या बाबतीत माझ्यात आणि समोरच्या मामीत, इथे शेजारणीला मामीच म्हणतात, जुनी चुरस आहे. मामीच्या दारापुढे त्या वर्षी सिमेंटचा उतार आला होता, तिला हातभर जागा उरली होती. माझी मात्र चार फूट अख्खी. ही संधी मी सोडणार होते थोडीच. एकवीस ठिपक्यांचं कोलम, एकच रेघ, कुठेही न तुटता सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून परत सुरुवातीला येणारी, आणि भोवती गेरूची किनार. गटाराच्या फरशीपासून डांबराच्या काठापर्यंत मी रोज सकाळी सगळी पट्टी भरून टाकायची. लोक थांबून फोटो काढायचे. मामी तिच्या उतारावर उभी राहून "छान झालंय" म्हणायची, आणि तिला ते म्हणताना होणारा त्रास मला गोड लागायचा.

कोलमवर कोणी पाय देत नाही. कोणाला सांगावं लागत नाही, पाय आपोआप वळतो. भोपळ्याचं फूल द्यायला पूक्कारम्मा यायची तेव्हा मी बहुतेक रेघ पुरी करत असायची, ती अलीकडेच थांबायची आणि मी हात लांब करून फूल घ्यायची. त्या दिवशी माझं लवकर आटोपलं होतं आणि मी कॉफी घ्यायला आत गेले होते. कपाला तोंड लावलं आणि बाहेर ब्रेकचा आवाज झाला.

ती डांबरावर आडवी होती. दुधाच्या कॅन बांधलेली मोटरसायकल थोडी पुढे कलंडली होती, तिचा चालक पुन्हा पुन्हा म्हणत होता की ती एकदम खाली उतरली, एकदम. पूक्कारम्माचा उजवा पाय गुडघ्याखाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. मोगरा, शेवंती, भोपळ्याची फुलं दुधात भिजत होती. आणि माझं कोलम जसंच्या तसं होतं. एकही रेघ पुसली नव्हती.

मला त्याच क्षणी कळलं. गणित सोपं होतं. सगळ्या गल्लीत चालायला जागा असलेलं एकच दार, आणि त्या दाराशी येऊन ती जागा सोडून डांबरावर उतरणं भाग पडलेलं. बाकीच्यांनी सिमेंट टाकलं होतं, मी पीठ. रिक्षात तिला घालून दवाखान्यात नेईपर्यंत ती माझा हात धरून होती आणि मला त्या हाताकडे बघवत नव्हतं.

तिच्या पायात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पूर्वीसारखं चालणं होईल की नाही ते पाय टेकल्यावरच कळेल. तिचं सगळं पोट त्या चालण्यावर. मुलगा परगावी, सून घरात, फुलं ओवणारी ती, विकणारीही ती.

आठवड्याभरात कचेरीतले साहेब पाहणीला आले. इतके दिवस अर्ज पडून होता, अपघात झाला म्हणून हलला. सगळी गल्ली जमली. साहेब तरुण होते, चांगले होते, टेप लावून पट्टी मोजत होते. एकेका उतारापाशी थांबून मान हलवत आमच्या दारापर्यंत आले, तिथे अपघातापासून मी हातभरच कोलम घालत होते, आणि म्हणाले, "पण इथे तर जागा आहे. इथे ती बाई खाली का उतरली?"

समोरच्या मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी विजेच्या खांबाकडे पाहिलं. अर्ज लिहिणारी मी, पुढे होऊन बोलणारी मी, माझ्याकडून उत्तर येईल म्हणून सगळे थांबले होते.

"घाईत असेल," मी म्हटलं.

साहेबांनी ते लिहून घेतलं. थोड्या दिवसांनी उत्तर आलं, त्यात आमच्या दारापुढच्या जागेत काही दोष आढळला नाही आणि चालणाऱ्या बाईच्या घाईमुळे अपघात घडला, असं होतं. बाकीच्या मुद्द्यांचा विचार पुढे होईल. मी तो कागद चार वेळा वाचला. माझं एक वाक्य सरकारी भाषेत किती शोभून दिसत होतं.

यजमानांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून खाली ठेवला, जे त्यांच्या बाबतीत फारसं घडत नाही. मग म्हणाले, "रांगोळी घातलीस हें काय चुकलं नाही. गल्लींतले अस्के लोक घालतात. पण तो विचारला तेव्हां तू खांबाकडे कां पाहिलीस?"

मला झोंबलं, कारण मीही स्वतःला तेच विचारत होते.

मी तिला बघायला गेले तेव्हा ती बाजेवर पडून मोगरा ओवत होती. कबूल करायचं ठरवून गेले होते, बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. पण मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "मागे न बघता उतरले, टीचरम्मा. माझीच चूक." संत्री ठेवली आणि उठले. परत येताना बसमध्ये बसायला जागा होती तरी मी उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी कोलम घालणं बंद केलं. फक्त सडा घालायचा आणि आत यायचं. पहिल्याच सकाळी मामी धावत आली, "कोण गेलं?" इथे मरण आलेल्या घरीच कोलम थांबतं, म्हणून दार रिकामं दिसलं की आधी हाच प्रश्न येतो. मी वैतागून म्हटलं, "कोणी नाही, गुडघे दुखतात." गल्लीला आठवडाभरात सवय झाली. माझं समाधान असं होतं की मी प्रायश्चित्त घेते आहे. चार फूट रिकामी होती, लोक तिथून चालत होते, आणि मी खिडकीतून त्यांची पावलं मोजत होते. एवढं करून चैन मात्र पडत नव्हतं. खोटं कचेरीच्या फायलीत तसंच होतं. नवा अर्ज लिहायला घ्यायची, पहिल्या ओळीवर अडायची, पेन टोपण लावून ठेवायची.

संक्रांत गेली, पंगुनी, म्हणजे आपल्या फाल्गुनाच्या आसपासचा महिना लागला, ऊन तापू लागलं. एका सकाळी मी भांडी पुसत होते तेव्हा मामी दारात आली.

"तुमची पूक्कारम्मा आली होती ना," ती म्हणाली. "काठी घेऊन. मी वरून पाहिलं. त्या खांबापर्यंत आली, तुमच्या दाराकडे बघत उभी राहिली, डोळ्यांना पदर लावला आणि परत गेली. मला वाटलं तुमचं बोलणं झालं असेल."

माझ्या रिकाम्या दारातून तिनं काय वाचलं ते मला लगेच कळलं. ज्या घरी कोणी गेलं आहे त्या घरी फुलं घेऊन जाऊ नये, म्हणून ती मागे फिरली. गुडघ्यांचं गल्लीला ठाऊक होतं. तिला कोण सांगणार होतं?

मी तशीच निघाले. चपला घालायचं भान राहिलं नाही. तीस वर्षं तिनं रोज चाललेला तो रस्ता मी पहिल्यांदाच उलट्या बाजूनं, जीव मुठीत धरून चालत होते. उतार चढले, उतरले, एका तुटक्या फरशीशी पाय अडकला, शेवटी डांबरावर आले. मागून मिनी बसनं इतका मोठा हॉर्न दिला की मी एका जनरेटरला चिकटून उभी राहिले. पाय नीट असलेल्या माझी ही गत. ती यावरून काठी टेकत आली होती, आणि माझ्या दारापासून तीस पावलांवरून पुन्हा यावरूनच परत गेली होती.

ती स्टॉपवर बसली होती, पाय लांब करून. नडगी सुजून टम्म झाली होती. मला बघितल्यावर तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे. कुंकू आणि मंगळसूत्र जागेवर दिसलं तेव्हा तिनं श्वास सोडला.

"सार?" तिनं तरीही यजमानांविषयी विचारलं.

"घरी आहेत. पेपर वाचतायत. कोणी गेलं नाही, पूक्कारम्मा. मीच कोलम घालायचं सोडलं."

"का?"

मग मी सांगितलं, मध्ये न थांबता. चार फूट जागा कशी भरून टाकली, कोणासाठी, मामीचं तोंड बघायला. साहेबांनी विचारल्यावर मी काय म्हटलं. "मी सांगितलं की तू घाईत होतीस. तसं लिहून ठेवलंय तिकडे."

तिनं काठी जवळ ओढून घेतली. मला वाटलं रडेल, किंवा बोलेल काही लागेलसं. मला ते हवं होतं.

"घाईत मी आज होते," ती म्हणाली. "पाय काय म्हणतो ते बघायचं होतं. डॉक्टर म्हणाले, एकदा चालून बघ. म्हटलं, टीचरम्माच्या दारापर्यंत जमलं तर उद्यापासून टोपली घेऊ. तेवढं जमलं होतं. तिथे बसले असते, पाणी प्यायले असते, हळूहळू परत आले असते. पण सारना काही झालं असं वाटलं, आणि तशीच फिरले. कुठे थांबले नाही." तिनं नडगीवर हात ठेवला. "आता हा नाही म्हणतोय. दोनदा लागोपाठ जमत नाही त्याला. मला कळलं."

"सूज उतरेल," मी म्हटलं.

"उतरेल. पण ही गल्ली नाही व्हायची आता. मी इथेच स्टॉपवर बसेन टोपली घेऊन. ज्याला हवं तो येईल."

मला तिची क्षमा मागायची होती. शब्द तोंडात आले आणि इतके लहान वाटले की मी ते काढले नाहीत. मी म्हटलं, "आज घरी गेल्यावर मी खरं लिहिणार आहे. माझ्या दारापासून सुरुवात करणार."

"लिहा," ती म्हणाली, पण तिचं लक्ष अर्जात नव्हतं. तिनं पिशवीतून मोगऱ्याची माळ काढली, कोपरापासून बोटांपर्यंत हातभर मोजली, तोडली आणि माझ्या केसांत खोचायला मला जवळ वाकायला लावलं. मी वाकले.

"आणि कोलम घाला उद्यापासून," ती म्हणाली. "रिकामं दार बघून माणसाच्या मनात भलतं येतं. पण लहान घाला. भिंतीच्या अंगाला, दोन पावलांची वाट सोडून."

"तुला दिसेल तेवढं घालते," मी म्हटलं.

"मी कुठे येतेय आता बघायला," ती म्हणाली. "पण पायी चालणारी बाई काय मी एकटीच आहे?"